भंगारातला टर्बो आणि उसाचा अड्डा: जेट कार्टच्या कामाच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३

टर्बो मिळाला, म्हणजे टर्बोचार्जर: एका शाफ्टवर दोन पंखे, एक (टर्बाइन) जळत्या वायूनं फिरतो, दुसरा हवा आत दाबतो. टाटाच्या कुठल्यातरी जुन्या ट्रकवरचा, होलसेट कंपनीचा, ४,५०० रुपये. भंगारवाल्याकडं तीन होते. दोघांचा शाफ्ट बोटानं ढकलला की पंखा टर्बोच्या घराला (बाहेरच्या आवरणाला) घासत होता, ते तिथंच ठेवले. घेताना बघायचं ते एवढंच: शाफ्ट लांबीच्या दिशेनं हलता कामा नये, आडवा किंचित हलला तर चालतं (तेल नसताना तेवढी ढिलाई असतेच), आणि पात्यांची टोकं शाबूत हवीत.

"कुठल्या गाडीला बसवायचाय?" भंगारवाल्यानं विचारलं. म्हटलं, गाडीला नाही, याचंच इंजिन करायचंय. त्यानं एकदा टर्बोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पैसे आधी मागितले.

या टर्बोचं जेट इंजिन करून ते कार्टवर (रेसिंगची छोटी उघडी गाडी) बसवायचंय. लक्ष्य लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून बदलता येणार नाही. २०० मीटर अंतरात ताशी ४० किलोमीटर. हसू नका. जमिनीवरचा जागतिक विक्रम ताशी १,२२८ चा आहे, १९९७ सालचा. तो करणाऱ्या थ्रस्ट एसएससी गाडीत फँटम विमानातली दोन रोल्स-रॉइस स्पे इंजिनं होती. माझ्याकडं ट्रकचा टर्बो आहे.

संध्याकाळी वर्ल्ड कपची फायनल हरलो. टर्बो डिझेलमध्ये बुडवून ठेवला आणि झोपलो.

३ डिसेंबर

हवा आत घेणाऱ्या पंख्याचं तोंड ५२ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २,१२४ चौरस मिमी. फ्लेम ट्यूबच्या (जिच्यात इंधन जळतं ती भोकांची नळी) सगळ्या भोकांचं मिळून तेवढंच ठेवायचं. पुढच्या टोकाला तीस टक्के, मधे वीस, शेवटी पन्नास. ६ मिमीची २२ भोकं, ८ ची ८, १२ ची ९. ट्यूबची लांबी तोंडाच्या सहापट, रुंदी दुप्पट. बाहेरचा डबा सहा इंची पाइपचा.

ट्यूब चार इंची साध्या लोखंडी पाइपची केली, पाइप आणि पत्रा मिळून ६०० रुपये. वेल्डर म्हणाला, स्टेनलेस घ्या. मी म्हटलं, आधी चालू तर होऊ दे.

२४ डिसेंबर

तेलाची व्यवस्था. टर्बोचा शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो, तेल नाही तर काही सेकंदांत खेळ खलास. छोटा गिअर पंप, १२ व्होल्टची मोटर, पल्सरचा जुना ऑइल कूलर, सगळं मिळून ४,९००. दाबाचं गेज ट्रॅक्टरचं. ते, थर्मोकपल (तापमान मोजायची तार) आणि त्याचा मीटर, २,१५०. जुनी बॅटरी २,२००. पंप चालू केल्यावर गेज ३ बार दाखवतंय. निचऱ्याला अर्धा इंची नळी घरात पडून होती, ती लावली.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा.

१५ जानेवारी २०२४

संक्रांत. उद्यमनगर (कोल्हापुरातला वर्कशॉपांचा भाग) बंद, त्यामुळं त्रास द्यायला कोणी नाही म्हणून आजच पेटवायचं ठरवलं. सुताराचा ब्लोअर तोंडाला, कमर्शियल गॅसची टाकी, बाइकची कॉइल आणि प्लग. ठिणगी, गॅस, आणि भप्पकन पेट घेतला. पंधरा सेकंद आनंदात गेले.

मग मागच्या तोंडातून पांढरा धूर. थोडाथोडका नव्हे, समोरची भिंत दिसेना इतका. गल्लीतली पोरं फॉगिंगची गाडी आली म्हणून पळत आली. लेथवाले काका तिळगूळ द्यायला आले होते, ते दारातूनच म्हणाले, "लेका, डास तरी मरतील."

कारण निचऱ्याची नळी. अर्धा इंची, त्यात वाटेत तिला एक चढ. तेल वरून ३ बारनं येतंय आणि खालून नुसत्या वजनानं जातंय, त्यात तोंड अरुंद. टर्बोचं घर तेलानं भरलं आणि तेल टर्बाइनच्या बाजूनं बाहेर पडून जळलं. टर्बोचे सील गेलेत असं समजून मी नवीन किट मागवणार होतो. सील ठीक होते. एक इंची नळी, सरळ खाली, टाकी फूटभर खालच्या पातळीला. धूर गायब. ज्यांच्या टर्बोतून असा धूर येतोय त्यांनी सीलला हात लावायच्या आधी नळी बघा.

२८ जानेवारी

पेटतंय, पण दम धरत नाही. ब्लोअर काढला की विझतं. गॅस वाढवला की मागचं तापमान चढत जातं, हवेचा दाब काही चढत नाही. एकदा मीटरवर ९२० अंश गेलं आणि टर्बाइनचा पंखा अंधारात केशरी दिसला. सुंदर दिसतं. बघत उभं राहू नका, गॅस तोडा आणि ब्लोअर चालू ठेवून थंड करा. सलग चालवताना ७०० च्या वर जायचं नाही असं मी धरलंय.

पुढच्या प्रयत्नात इंजिन म्हशीसारखं भुक-भुक करायला लागलं. हवा पुढं जायच्या ऐवजी उलटी फिरत होती. मागचा कोन (झोत बाहेर सोडणारं निमुळतं तोंड) मी हौसेनं ५० मिमीचा केला होता, तोंड लहान तर झोत जोरात, असा हिशोब. टर्बाइनला श्वास सोडायला जागाच ठेवली नव्हती.

११ फेब्रुवारी

नवीन कोन, ६० मिमी. डबा उघडलाच आहे तर फ्लेम ट्यूब बघावी म्हणून बाहेर काढली. लोखंडाचे पापुद्रे सुटलेत, एका बाजूला ट्यूब आत वाकलीय. यातला एक पापुद्रा टर्बाइनवर गेला असता तर सगळंच संपलं असतं. ६०० रुपये वाया. वेल्डर काही बोलला नाही, नुसता हसला.

दूध डेअरीच्या भंगारात चार इंची स्टेनलेसचा पाइप मिळाला, ३०४ ग्रेडचा. वजनावर १,२५०. आतून अजून दुधाचा वास. तीच भोकं पुन्हा पाडली. स्टेनलेसवर ड्रिल हळू फिरवा आणि दाबून धरा, नाहीतर जागा कडक होते आणि बिट नुसतं घासत राहतं. माझी तीन बिटं गेली.

संध्याकाळी साडेसहाला चालू झालं. ब्लोअरचा घुंऽ आवाज, त्यावर आगीची फडफड, तापमान ६०० ला. मग त्या घुं-घुं मधून एक बारीक शिट्टी वर येऊ लागली. आधी वाटलं कानात वाजतंय. हवेच्या दाबाचा काटा पिनेवरून सुटला. मी ब्लोअर दोन इंच मागं घेतला, शिट्टी पडली नाही. अजून दोन इंच. मग इंजिननंच आपली हवा ओढायला सुरुवात केली. माझ्या हातावरचे केस तोंडाकडं वळलेले दिसत होते. ब्लोअर बंद केला. काटा ०.३ बारवर स्थिर, तापमान आपणहून ५६० वर उतरलं. चार मिनिटं चाललं. काका कानात बोटं घालून उभे होते आणि तोंडानं काहीतरी म्हणत होते, ते अजून सांगत नाहीत.

१८ फेब्रुवारी

पुसायचं फडकं आत गेलं.

टेबलावर ठेवलेलं, बनियनच्या कापडाचं. मी गॅस वाढवला, ते उडालं आणि फट्. पाव सेकंदाचं काम. दोन पात्यांची टोकं वाकली. हात तिथं असता तर काय, हा विचार रात्री आला. तोंडाला जाळी आधीच लावायला हवी होती, आज लावली.

आर्ट अर्फन्सची गोष्ट आठवून जिवाला समाधान करून घेतलं. ओहायोतल्या अ‍ॅक्रनचा हा गडी. त्यानं लढाऊ विमानाचं जे-७९ इंजिन भंगारात घेतलं, तेही पाती मोडलेलं. स्वतःच दुरुस्त केलं आणि घरामागं झाडांना बांधून चालवून बघितलं. तेच इंजिन ग्रीन मॉन्स्टर गाडीत घालून त्यानं १९६४ आणि १९६५ मिळून तीनदा जागतिक विक्रम केला, शेवटचा ताशी ९२८ किलोमीटरचा. त्यामुळं दोन पात्यांसाठी रडण्यात अर्थ नाही. टर्बो दुरुस्तीवाल्यानं टोकं सरळ करून बॅलन्सिंग करून दिलं, १,५०० रुपये. "याची खात्री मी देणार नाही" असं बिलावर लिहून दिलं. बरोबरच आहे. म्हणून मग पंख्यांच्या घराभोवती ५ मिमी पत्र्याचं कडं केलं, आणि पंख्याच्या रेषेत बाजूला कोणी उभं राहायचं नाही हा नियम झाला. अग्निशामक नळकांडं घेतलं, १,९००.

३ मार्च

आजची चूक फक्त माझी. मेव्हणा बघायला आला होता, त्याला दाखवायच्या घाईत तेलाच्या पंपाचं बटण दाबायचंच राहिलं. वीस सेकंद. शिट्टीच्या जागी खरखर ऐकू आली तेव्हा समजलं. बेअरिंग निळी पडलेली, शाफ्टवर रेघा. किट आणि पॉलिश मिळून २,८००.

बटण लक्षात ठेवणं ही व्यवस्था नव्हे. आता तेलाच्या लाइनला प्रेशर स्विच आहे, दाब १.५ बारच्या खाली असेल तर इंधनाचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) उघडतच नाही. स्विच काकांच्या जुन्या कॉम्प्रेसरवरचा, फुकट. हे पहिल्या दिवशी करायचं काम होतं.

२४ मार्च

होळी. गॅसचा नाद सोडला. पूर्ण जोरात चालवलं की तीन मिनिटांत टाकीवर दहिवर, मग बर्फ, आणि दाब ढासळतो. टाकी गरम पाण्याच्या टबात ठेवून बघितली, जरा बरं चालतं. पण धावत्या कार्टवर पाठीमागं गॅसची टाकी आणि गरम पाण्याचा टब घेऊन मी बसणार नाही.

डिझेल. बॉयलरच्या बर्नरचा पंप आणि नोझल, ६,४००. नोझलच्या पितळी अंगावर तासाला किती गॅलन आणि फवाऱ्याचा कोन हे आकडे असतात, माझं ३.०० आणि ६० अंशाचं. गॅस आता फक्त पेटवायला, पाच किलोची टाकी बाहेर ठेवून, पेटलं की नळी काढून घ्यायची. डिझेल थंड इंजिनात सोडलं तर जळत नाही, तळाशी साचतं आणि मग एकदम पेटून मागून दोन मीटरची जीभ निघते. शेजारच्यांची होळी संध्याकाळी होती, आमची दुपारीच झाली.

१४ एप्रिल

सांगाडा. बंद पडलेल्या कार्टिंगच्या जागेवरून इंजिन नसलेली कार्ट, ११,०००. आत्तापर्यंतचा सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत कमी विचार करून केलेला. इंजिन सीटच्या मागं, मधे दुहेरी पत्रा आणि काचतंतूची चादर.

भंगारवाल्याचा लटकता काटा मागं बांधून जोर मोजला: हवेचा दाब ०.६ बार असताना ६ किलो. हो, सहा. एक मोठा टरबूज उचलायला लागतो तेवढा. मी आणि कार्ट मिळून १५५ किलो.

ब्रेक मागच्या आसालाच आहे, एकच डिस्क. पॅड बदलले आणि इंधन तोडणारी दोन साधनं ठेवली, बटण आणि हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह. जेटला इंजिन-ब्रेक नसतो, इंधन तोडलं तरी ते थोडा वेळ ढकलतच राहतं. १९६४ च्या ऑक्टोबरात क्रेग ब्रीडलव्हनं बॉनेव्हिलच्या मिठागरावर ताशी ८४७ चा विक्रम केला आणि थांबायच्या वेळी पॅराशूटही गेलं आणि ब्रेकही. गाडी टेलिफोनचा खांब तोडून खाऱ्या पाण्याच्या तळ्यात गेली आणि तो पोहत बाहेर आला. आमच्या मैदानाच्या टोकाला उसाचा वजनकाटा आहे.

७ मे

मतदान. काम बंद. लेथचं आणि वेल्डिंगचं बिल आज चुकतं केलं, आजवरचं ३,८००.

१२ मे

पहिली धाव. जागा साखर कारखान्याचा केन यार्ड, म्हणजे उसाचा अड्डा, हंगाम संपल्यामुळं मोकळा, काँक्रीटचा, लेखी परवानगी घेऊन. पाण्याचा टँकर उभा. सार्वजनिक रस्त्यावर असलं काही आणू नका, एवढंच म्हणतो.

सकाळी सात. वॉचमन, त्याचा सायकलवाला मुलगा, काका, मेव्हणा. इंजिन चालू केल्यावर यार्डातले सगळे बगळे एका वेळी उठले. मी ब्रेक सोडला.

काही झालं नाही.

म्हणजे आवाज होता, मागं उष्ण झोत होता, शंभर मीटरवरचं पाचट उडत होतं. कार्ट विचार करत होती. मग हळूहळू निघाली. वॉचमनचा मुलगा सायकलवरून शेजारून पुढं गेला, वळला आणि परत येऊन विचारलं, "काका, बंद पडलीय का?" २०० मीटरच्या शेवटी मोबाइलच्या जीपीएसवर ताशी २२.

आता उलट दिशेनं. विक्रमाचा नियमच आहे, दोन्ही दिशांनी धावायचं आणि सरासरी धरायची, वारा आणि उतार यांचा फायदा जाऊ दे म्हणून. कार्ट वळवली, इंजिन पूर्ण जोरात, ब्रेक सोडला. हलली नाही. मेव्हण्यानं ढकलली, तो थांबला की तीही थांबली.

यार्डाला पाणी वाहून जायला उतार आहे, ट्यूबलेव्हलनं बघितला तर शंभराला एक. १५५ किलोला एक टक्का म्हणजे दीड किलो. खाली जाताना तो आमच्याकडून होता, वर येताना विरुद्ध.

१९ मे

आठवडाभर मी जोर कसा वाढवायचा याचे आकडे मांडत होतो. काकांनी काटा उचलला, कार्टच्या पुढच्या नळीला अडकवला, मला वर बसवलं आणि सपाट फरशीवरून ओढली. ५ किलो.

इंजिनचा जोर ६, नुसतं गाडी हलवायला ५. चार महिने मी इंजिनकडं बघत बसलो होतो आणि निम्मं काम चाकांत अडकलं होतं.

काय काय निघालं: दोरी लावून बघितलं तर पुढची चाकं बाहेरच्या बाजूला १४ मिमी फाकलेली, म्हणजे दोन्ही टायर सतत घासत होते. ब्रेकचा एक पॅड डिस्कला चिकटलेला. मागच्या आसाची बेअरिंग कोरडी ठणठणीत. टायरमध्ये हवा ८ पीएसआय, वळणांवर पकड मिळावी म्हणून कार्टवाल्यांनी ठेवलेली. मला वळायचंच नाही. हवा २८ केली, चाकं सरळ केली, बेअरिंग नवीन. खर्च ६४०. पुन्हा ओढली: २ किलो.

२७ जुलै

पाऊस. पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडलीय, अर्धं कोल्हापूर नातेवाइकांकडं. वर्कशॉपमध्ये पाणी नाही, पण सावधगिरी म्हणून टर्बो माळ्यावर. ऑगस्टमध्ये लिहिण्यासारखं काही होणार नाही.

२२ सप्टेंबर

५ गॅलनचं नोझल, ओळखीच्या बॉयलरवाल्याकडून. मागचा कोन ६० मिमीचा ५६ केला. दाब ०.९ बार, तापमान ६७०, काट्यावर ९ किलो. ५४ चाही करून बघितला, जोर पाव किलो वाढला आणि तापमान ७४० ला गेलं. पाव किलोसाठी टर्बाइन घालवायची नाही. ५६ वर थांबलो.

१२ ऑक्टोबर

दसरा. काकांनी लेथबरोबर टर्बोलाही झेंडूचा हार घातला. फोटो काढून मी जाळीसमोरचा हार लगेच काढून घेतला. फेब्रुवारीतलं फडकं मी विसरलो नाही.

२० ऑक्टोबर

धाव. मी पाच किलोनं कमी, पावसाळ्यात दुसरं काही करायला नव्हतं.

उताराच्या बाजूनं: ताशी ४३. सायकलवाला मुलगा पहिले पन्नास मीटर पुढं होता, मग आरशातून मागं गेला. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

परतीची तयारी करताना पेटवायच्या गॅसची नळी कपलिंगमधून सुटली, मग बॅटरी उतरली, जीपच्या बॅटरीला वायर जोडून पंप फिरवला. चढाच्या बाजूनं ३५ मिळाले. सरासरी ३९.

दोन धावांमध्ये गेला एक तास वीस मिनिटं. नियमात एकच तास असतो. थ्रस्ट एसएससी १३ ऑक्टोबर १९९७ ला दोन्ही दिशांनी आवाजाच्या वेगापुढं गेली होती आणि तासाची मुदत जेमतेम मिनिटभरानं हुकली, म्हणून दोन दिवसांनी सगळं पुन्हा करावं लागलं. आमची वीस मिनिटांनी हुकली आणि वर एक किलोमीटर कमी. काका म्हणाले, "चाळीसच लिही की, कोण बघायला आलंय?" वॉचमनचा मुलगा म्हणाला, मी बघितलं ना.

३९ लिहिलंय.

१ डिसेंबर

टर्बो उघडला. बेअरिंग ठीक, टर्बाइनच्या दोन पात्यांच्या कडा जराशा गोलावल्यात. फ्लेम ट्यूबच्या १२ मिमीच्या एका भोकापासून केसाएवढी चीर निघालीय. तिथं वेल्ड करणार नाही, नवीन ट्यूब करणार, आणि भोकांच्या कडा या वेळी घासून गुळगुळीत.

आजवरचा खर्च डिझेल आणि गॅस सोडून ४३,६४०. त्यात लोखंडी ट्यूब, फडकं आणि तेलाचं बटण, या तिघांचे ४,९००.

यार्डात आता उसाचे ट्रॅक्टर उभे आहेत, एप्रिलपर्यंत जागा मिळणार नाही. वॉचमनच्या मुलानं निरोप पाठवलाय, त्याच्या सायकलला गिअर बसवलेत.